कुसाबाईच्या बांगड्या

पेठकडच्या पाड्यावरून दर हंगामाला बाया जमवून कुसाबाई त्यांना वणी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला घेऊन जायची. टेम्पो माझा. लय फटकळ बाई. मी उशिरा पोचलो तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

पॅकहाऊसचा नियम कडक. माल विलायतेला जायचा, म्हणून काचेच्या बांगड्या बाहेर काढूनच आत जायचं. सगळ्यांनी काढल्या. कुसाबाई मालकाला म्हणाली, "माझा दादला भिका अंथरुणाला खिळलाय, पण जिता हाय. भुंड्या हातानं मी राबणार नाय." मालकाला बाया हव्या होत्या. मनगटाला फडकं गुंडाळ म्हणाला आणि चालवून घेतलं.

२००९ च्या हंगामात एका सकाळी त्यानं सगळ्यांना फाटकातच अडवलं. "लंडनला गेलेल्या पेटीत काच सापडली. ऑर्डर रद्द, काम बंद. जाब विचारायचा तर हिला विचारा."

झालं! पोटावर पाय पडल्यावर कसलं भान? बायांतल्या भागीबाईनं कुसाबाईचं मनगट धरलं, दोघीतिघींनी दगडावर आपटून बांगड्या फोडल्या. नवरा जिता असताना! हात रक्तानं माखला. एवढी तोंडाळ बाई, पण ब्र काढला नाय. तिलाही वाटत होतं, आपल्यामुळंच सगळ्यांचं काम गेलं.

दुसऱ्या दिवशी मालकानं मला माल भरायला बोलावलं. बघतो तर लंडनला जायच्या त्याच पेट्या! इंग्रजी लेबलं फाडून नाशिकच्या बाजारात टाकायच्या होत्या. शीतगृहातला मल्हारी म्हणाला, "कसली काच न् कसलं काय! यंदा एक पेटी जहाजावर चढली नाय. तिकडं मंदी आलीये, गोरे माल घेईनात. बायांना हंगामभर काम कबूल केलेलं, त्या मालकाशी भांडल्या असत्या, म्हणून कुसाबाईवर ढकललं."

भामटा लेकाचा! माझं डोकं फिरलं. तसाच पाड्यावर गेलो, सगळ्यांना सांगितलं. बायांनी मान खाली घालून ऐकलं. कुसाबाईच्या दाराशी एकही गेली नाय.

पुढच्या साली ऑर्डरी आल्या. मालकाचा निरोप होता, बाया पाठवा, कुसाबाई नको. टेम्पो घेऊन गेलो तर ती भाकरी बांधून उभी. भिका अजून जिताच होता, पण परत भरलेल्या बांगड्या तिनं आपल्या हातानं काढल्या होत्या. बाया भराभर चढल्या. कुणी सरकून जागा दिली नाय.

"अगं बायांनो, खरं काय ते ठाऊक हाय ना तुम्हाला?" मी ओरडलो.

"ठाऊक हाय," भागीबाई म्हणाली. "पण मालक नको म्हणतो. चल, उशीर होतोय."