आईने पुसलेल्या खडूच्या रेघा

मंडळी, आज सकाळी आमच्या घरात सगळ्यांचा श्वास अडकला होता. आता संध्याकाळी निवांत लिहितो आहे.

आईचे गुडघे थंडीत आखडतात, तरी तिला जमिनीवरच बसायचं असतं. म्हणून तिच्या खोलीत फरशीखाली गरम होणारी तार टाकली, वर सिमेंटचा थर दिला. तार कुठून गेली ते माझ्या इलेक्ट्रिशियन मेहुण्याने, प्रकाशने, खडूने आखून ठेवलं. आज त्यावर दगडी फरशी बसवायची होती.

कामाचा नारळ फोडण्याआधी आईने खोली झाडली, ओल्या फडक्याने पुसली. फरशी बसवायला आलेल्या कवडू मिस्त्रींना जमीन कोरी दिसली. नेहमीप्रमाणे दोरी ताणायला त्यांनी खिळा ठोकला.

प्रकाश दारातच थबकला. "कवडूभाऊ, रेघा कुठी गेल्या?"

"कोणत्या रेघा?"

"त्या मीच पुसल्या," आई म्हणाली. "नारळ काय कचऱ्यावर फोडू?"

तार तुटली असती तर सगळा थर फोडावा लागला असता, आणि आईची ही थंडी खाटेवरच गेली असती. प्रकाशने मीटर लावलं. आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"तार साबूत आहे," तो म्हणाला. खिळा दोन तारांच्या मधोमध गेला होता.

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. "माय, आता सिमेंटचा मसाला वाळेपर्यंत इकडं झाडू घेऊन येऊ नका."

तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना खुर्चीची सवय लागली का हो? आम्ही तर हरलो, म्हणून जमीनच गरम करायला घेतली.