नारिंगफुलांचं पाणी

सालहामावशी माझ्या दुकानात पहिल्यांदा शिरल्या, तेव्हा त्यांच्या पिशव्या बघून आमच्या नाबुल शहराचा अर्धा बाजार चालत आल्यासारखं वाटलं. हातात दिवंगत नवऱ्याच्या नाचाची एकमेव व्हिडिओ टेप होती. ती संगणकावर उतरवताना पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या.

"प्लेअरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, मळलंय, पण ते पुसायचं स्पिरिट संपलंय. उद्या या," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून घरी केलेलं नारिंगफुलांचं पाणी काढलं. "अरे, यानं ताप उतरतो, नजर उतरते. तुझं यंत्र काय सुलतान लागून गेलंय?"

थोरांच्या हातचं हे पाणी आमच्याकडे कुणी नाकारत नाही. मीही, यंत्राला पाणी चालत नाही हे कळत असून, ते हेडला लावलं. ओल्या हेडला टेप चिकटली, गुंडाळत गेली आणि ठिकठिकाणी फाटली.

"यंदा फुलंच हलकी होती," मावशी पुटपुटल्या. चूक माझी होती, तरी मी मान डोलावली.

टेपमधले अकरा सेकंद वाचले. त्यांत फक्त खुर्च्या दिसतात.