काकू भरत असताना हाक मारू नये

काकूंना कुणी हाक मारली की त्या सगळं मोडायच्या. म्हणजे अक्षरशः. ट्रेमध्ये पावडर भरून ओळीने उभ्या केलेल्या पुंगळ्या एकेक करून उलट्या करायच्या, ज्यांच्या तोंडावर शिसं बसवून झालं असेल त्याही ठोकून उघडायच्या, आणि पहिल्यापासून सुरुवात करायच्या. हाक कुणी मारली, कशाला मारली, याची चौकशी नाही. राग नाही, त्रागा नाही. "लक्ष तुटलं," एवढंच म्हणायच्या.

आता या काकू कोण आणि आखातात बसून काडतुसं कसली भरत होत्या, हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलतीच शंका घ्याल. काकू मूळच्या सांगलीच्या, दुबईत एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. काकांचं बर दुबई भागात मसाले, पापड, लोणच्यांचं दुकान. कॉलेजात एनसीसीत असताना काकूंनी रायफल चालवली होती. लग्न झालं आणि ते सुटलं. पन्नाशीच्या आसपास शारजाबाहेरच्या एका शूटिंग क्लबात त्यांनी ते पुन्हा धरलं, या वेळी पिस्तूल घेऊन. क्लबाला रीतसर परवाना होता. पिस्तूल, पावडर, गोळी, काही म्हणजे काही फाटकाबाहेर जात नसे. आतच एक एसीची खोली होती. झाडून रिकाम्या झालेल्या पितळी पुंगळ्या तिथे साफ करून सरावासाठी पुन्हा भरल्या जायच्या, आणि त्या खोलीची किल्ली काकूंकडे असायची. क्लबातले अरब, पाकिस्तानी, मल्याळी, गोरे, सगळे त्यांना काकूच म्हणत. निम्म्यांना ते त्यांचं नावच वाटायचं.

मी नव्वदच्या दशकात दुबईला आलो, एका कंपनीत इमारतींची ड्रॉइंग्ज तपासायला. लग्न झालेलं नव्हतं आणि शुक्रवारची सुट्टी खायला उठायची. काकांच्या दुकानात पोहे घ्यायला जायचो, तिथे काकूंची ओळख झाली. "येतोस का बघायला?" त्या म्हणाल्या. गेलो. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी धडाधड गोळ्या झाडू. काकूंनी रिकामं पिस्तूल हातात दिलं आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं. डावा हात खिशात, उजवा सरळ, हळूच घोडा ओढायचा, टक आवाज झाला की पुन्हा तेच. कितीतरी शुक्रवार मी त्या भिंतीशी टकटक करत होतो.

"काकू, भिंतीवर नेम कशावर धरू?"

"कशावरच नाही. समोर टार्गेट असलं की माणूस टार्गेटकडे बघत बसतो. तू नळीच्या टोकावरच्या त्या उभ्या पट्टीकडे बघ. ती हलली, तेव्हा तुझ्या मनात काय आलं?"

"भूक लागली."

"मग आधी खाऊन ये," काकू म्हणाल्या आणि खरंच मला कँटीनला पाठवलं. परत आलो तेव्हा पट्टी कमी हलत होती, हे मात्र कबूल करतो.

भिंतीपासून सुटका झाली आणि मला त्या खोलीचं कुतूहल लागलं. गोळी विकत मिळते, तर ही भानगड कशाला? विचारायचा अवकाश, काकूंनी दुकानाचंच उदाहरण काढलं. "काकांच्याकडे तिखटाचं तयार पाकीट मिळतंच की. पण कोल्हापूरची बाई वेगळं नेते, कोकणातली वेगळं. कारखान्याची गोळी सगळ्यांसाठी असते. तुझं मनगट बघ केवढंसं. तुला हलकी लागेल." मग त्यांनी माझ्यासाठी वेगवेगळ्या भरणीच्या थोड्या थोड्या गोळ्या करून दिल्या. पिस्तूल तेच, हात तोच. एका भरणीत भोकं कागदावर ताटभर पसरली, दुसरीत वाटीत मावली. मी चाटच पडलो. त्यानंतर मी त्यांच्या मागेच लागलो. हवा तापली की पावडर बदलते का? पुंगळी किती वेळा वापरायची? तिला चीर गेलेली कशी ओळखायची? काकू औषधाच्या तराजूवर पावडर जोखायच्या, छोटी बॅटरी घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायच्या आणि ओळ संपली की मगच माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या. तोवर मी तोंडाला कुलूप लावून बसायचो.

भीती त्यांना एकाच गोष्टीची होती, आणि ती त्यांनी मला खोलीतल्या पहिल्याच दिवशी सांगितली. पावडर चुकून दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटतं. पडलीच नाही तर ठिणगीच्या नुसत्या धक्क्याने शिसं नळीत जाऊन अडकून बसतं आणि पुढची गोळी त्याच्यावर जाऊन आदळते. "चूक माझ्या हातून होणार आणि फुटणार दुसऱ्याच्या हातात," काकू म्हणायच्या. "हॉस्पिटलात तेच, इथे तेच."

एकदा गणेश चतुर्थीलाच क्लबची मॅच आली. माझी पहिली मॅच. सकाळी काकू आमच्या टीमच्या गोळ्या भरत होत्या. तेवढ्यात काका उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन दारात आले आणि म्हणाले, "अगं, गरम आहेत तोवर खाऊन घे." झालं. काकूंनी ट्रे रिकामा करायला घेतला. क्लबचे कॅप्टन, म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले एक स्थानिक अरब गृहस्थ, धावत आले. हिंदी त्यांना बरीच यायची. "काकू, खलास, बस हो गया! एक-दो से क्या होगा? इन्शाल्ला सब ठीक."

"कॅप्टन," काकू मान वर न करता म्हणाल्या, "इन्शाल्ला उधर टार्गेट पे बोलो. इधर तराजू बोलेगा."

पुन्हा भरायला वेळ उरला नाही, आम्ही विकतच्या गोळ्यांवर खेळलो. मी शेवटून दुसरा आलो, आणि शेवटचा आलेला माणूस चष्मा घरी विसरून आला होता. काका दिवसभर अपराध्यासारखे कोपऱ्यात बसून होते. काकूंनी मात्र मॅच संपल्यावर तुपाची धार धरून चार मोदक मजेत खाल्ले आणि कॅप्टननाही खायला लावले.

अशी काही वर्षं गेली. एका शुक्रवारी मी खोलीत पुंगळ्या पुसत बसलो होतो आणि काकूंनी एकाएकी भरलेला ट्रे उलटा केला.

"काय झालं काकू?"

"तू हाक मारलीस ना?"

मी तोंडही उघडलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. मी विषय काढला नाही. काकूंनीच काढला, बाहेर सावलीत करक, म्हणजे तिथला दाट दुधाचा चहा, पिता पिता. "हॉस्पिटलच्या काउंटरवरून मी गेल्या महिन्यात कायमची उठले. त्यांनी नाही उठवलं, मीच उठले. डॉक्टर म्हणतात, विसर वाढत जाणार." त्यांनी कप खाली ठेवला. "पण ही खोली सोडवत नाही रे, मिलिंद. इथे मला फार बरं वाटतं." काकूंचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर बस. मी एक ट्रे भरते. चुकले तरी बोलायचं नाही, हलायचं नाही. झाल्यावर सांग. एक जरी चूक निघाली तरी मी किल्ली देऊन टाकणार."

मी बसलो. काकूंचे हात पूर्वीसारखेच चालत होते, सुरेख. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत मधली एक पुंगळी कोरडीच पुढे गेली. काकूंनी तिच्यातही बॅटरी मारली, ठीक असल्यासारखी मान हलवली आणि तिच्यावर शिसं बसवलं. मनात आलं, ही एवढी एक आपण नंतर गुपचूप काढून घेऊ. कुणाला कळतंय? काकूंची खोली काकूंना राहील. दर शुक्रवारी आपण असतोच की.

शेवटचं काडतूस ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत आशा होती, अगदी स्पष्ट दिसत होती.

"काकू, तिसऱ्या ओळीतलं मधलं," मी म्हणालो.

त्यांनी ते ठोकून उघडलं आणि पांढऱ्या कागदावर उलटं केलं. काही पडलं नाही. "बरं झालं सांगितलंस," काकू म्हणाल्या. "गप्प बसला असतास, तर मला तुझीसुद्धा भीती वाटली असती." मग उठल्या, हात धुतले आणि कॅप्टनच्या ऑफिसात जाऊन टेबलावर किल्ली ठेवली. कॅप्टननी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. नंतर मला बोलावून ती किल्ली माझ्या हातात दिली. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि रडलो.

काका-काकूंनी दुकान विकून सांगलीला जायचं ठरवलं. निघण्याआधी काकू एकदा क्लबात आल्या. कॅप्टन स्वतः त्यांच्या शेजारी उभे राहिले. इतक्या वर्षांत काकूंनी दुसऱ्या कुणी हाताने भरलेली गोळी कधी झाडली नव्हती. त्या दिवशी मी ट्रे पुढे केला आणि त्यांनी विचारलं, "कुणी भरल्या?"

"मी."

त्यांनी पाच उचलल्या आणि निवांतपणे पिस्तुलात भरल्या. डावा हात खिशात गेला. त्या झाडत होत्या आणि मी मागे उभा राहून प्रत्येक आवाजाला आतून हादरत होतो. पाचवी गेली. काकूंनी पिस्तूल रिकामं करून कॅप्टनना दाखवलं, खाली ठेवलं आणि टार्गेटकडे न बघता माझ्याकडे वळल्या.

"घाबरला होतास?"

"खूप."

"मग तू भर," काकू म्हणाल्या. "ज्या दिवशी भीती वाटणार नाही, त्या दिवशी किल्ली परत कर." आणि काकांचा हात धरून फाटकाशी उभ्या व्हॅनकडे चालू लागल्या.