मरळीची दहशत

मासळीच्या सरकारी कचेरीत मी चिकटलो तेव्हा माझ्यापाशी विज्ञानाची पदवी होती, कचेरीची सायकल होती आणि भलताच आत्मविश्वास होता. पोहता येत नव्हतं. मुलाखतीत कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

साठ-सत्तरच्या मधली ती वर्षं. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं आणि बोईसर स्टेशनावर हिंदी ऐकू येऊ लागली होती. पालघरला आमचे साहेब बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणायचे, “तिकडे लोक अणू फोडायला निघालेत आणि तुमच्याच्यानं एक तळं नितळ होत नाही!”

हे तळं उमरोळीच्या आतल्या अंगाला एका गावात होतं. काही वर्षांपूर्वी आमच्याच कचेरीने नारळ फोडून त्यात चिलापी हा परदेशी मासा सोडला होता. झपाट्याने वाढेल, गाव पोटभर खाईल, असं भाषणात सांगितलं होतं. चिलापी वाढली, पण नुसती संख्येने. पिल्लं तोंडात घेऊन सांभाळायची, त्यामुळे एकही वाया जायचं नाही, आणि एवढ्या गर्दीत कुणीच बोटापेक्षा मोठं व्हायचं नाही. गावात तिला ‘सरकारी मासा’ म्हणत. “कामाचा नाय, पन जाईल तिथं खातं वाढवतो,” असा त्याचा अर्थही मला तोंडावर सांगत. शिवाय अंडी घालण्यासाठी तिचे नर तळाशी वाडग्याएवढे खड्डे उकरत बसत. सगळा गाळ वर. पाणी कायम दुधाच्या चहासारखं.

तळ्याकाठच्या वाडीतल्या काकींना त्याचीच चिंता लागली होती. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, नवरा वाणगावचा. गावाची रीत अशी की हळदीच्या सकाळी पाच सवाष्णी वाजतगाजत तळ्यावर जाणार, हंडे भरून आणणार आणि त्याच पाण्याने नवरीला न्हाऊ घालणार. विहिरीचं पाणी चालत नाही.

“सायेब, पोरीला हळद लावायची हाय, चिखल नाय,” काकी म्हणाल्या.

“काकी, हळदीपर्यंत तळं आरसा करून देतो,” मी म्हणालो. त्या आरशात पुढे कुणाचं तोंड दिसणार होतं, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

औषध टाकून मासे मारण्यात अर्थ नव्हता. तळ्यावर गुरं प्यायची, बायका कपडे धुवायच्या. म्हणून मी जैविक उपाय काढला. जैविक म्हणजे माशावर मासा सोडायचा. आमच्याकडचा शिकारी मासा म्हणजे मरळ. ओढ्यांच्या डोहांतून चांगल्या हातभर लांब मरळी पकडून आणवल्या. तळ्यावर बघ्यांची गर्दी झाली. त्यातले एक आजोबा माझी कीव करत म्हणाले, “मरळ तळ्यात सोडतात व्हय? मरळ कालवनात सोडतात.”

मुद्दा बिनतोड होता. दुखण्यातून उठलेल्या माणसाला मरळीचं कालवण द्यायची तिकडे पद्धत, आणि मरळी तळ्यात पडल्याबरोबर अर्धं गाव दुखण्यातून उठल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा मरळींना लपायला जागा हवी आणि लोकांची जाळी अडकायला अडथळा हवा. मी हुकूम सोडला, तळ्यात पेंढा आणि फांद्या टाका.

हे काम मात्र गावाने जीव ओतून केलं. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, प्रत्येकाने डहाळ्या आणि पालापाचोळा रचून ठेवलेला असतो. त्यातला ढीगच्या ढीग बैलगाड्यांतून आला. काकींच्या यजमानांनी स्वतःचा पेंढाही दिला. तळ्याचा काठ दिसेना. मरळींचा असा पाहुणचार साऱ्या जिल्ह्यात झाला नसेल.

पंधरवडा उलटला आणि चमत्कार दिसू लागला. सकाळी जावं तर हजारो चिलाप्या पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत उभ्या. तळाला एकही जात नव्हती. खड्डे बंद, गाळ खाली बसला, पाणी काळसर पण नितळ.

“भेदरल्यात!” काकींचे यजमान म्हणाले.

“मरळीची दहशत,” मी त्याला शास्त्रीय नाव दिलं.

दुपारी त्या हातभर खाली जात, तळापर्यंत मात्र नाही. मरळ दुपारी झोपते, असं मी ठणकावून सांगितलं. म्हशींनी पाण्याला तोंड लावणं सोडलं, तर म्हशीही घाबरल्या म्हणालो. साहेब येऊन पाहून गेले. माझी पाठ थोपटली आणि जाताना वासाबद्दल काहीतरी पुटपुटले. तो मी वाडीतल्या शेणखतावर ढकलला.

हळदीच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं, वारा पडला, नुसता उकाडा. सकाळी पाच सवाष्णी, वाजंत्री आणि इस्त्रीचा सदरा घातलेला मी असे तळ्यावर पोचलो. वाजंत्रीवाल्याने सनई तोंडातून काढली आणि नाकावर उपरणं धरलं.

तळं पांढरं झालं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत उलटी पोटं. चिलापीबरोबर काकींच्या यजमानांनी हौसेनं वाढवलेले रोहूही. तेवढ्यात मधोमध एक मरळ वर आली, हवेचा एक घोट घेतला आणि ऐटीत खाली गेली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मरळ वरची हवा घेऊन जगते, बाकीच्यांना पाण्यातली लागते. आणि पाण्यातली हवा माझा पेंढा कुजता कुजता संपवत होता. दिवसा उन्हात शेवाळ थोडी हवा परत करायचं, काल आभाळाने तीही बंद केली. चिलाप्या रोज सकाळी भीतीने नव्हे, श्वासासाठी वर येत होत्या. मी त्यांच्या धापांवर शाबासकी घेत होतो.

“निदान चिलापी तरी गेली,” मी म्हणालो.

हंडे मात्र भरले गेले, कारण रीत. पदर नाकाला लावून बायका मांडवात आल्या. पाटावर बसलेली नवरी वासानेच उठली. “आये, मला वानगावला देतेस का मुरब्याच्या बोंबलांसंगं सुकत घालतेस?”

“अगो पन रीत?” एक म्हातारी सवाशीण म्हणाली.

“रीत म्हनून सडके मासे अंगावर घेऊ? मंग लगीनच नको!”

सनई थांबली. काकींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एकदा हंड्यांकडे, एकदा लेकीकडे बघत त्या उभ्या राहिल्या, आणि मग त्यांची नजर सावकाश माझ्या सदऱ्यावर येऊन टेकली.

“तळ्याचं पानी मांडवात पाटावर पडलं पायजे, येवढीच रीत,” त्या म्हणाल्या. “पाटावर कोन बसतो, त्ये कोनी सांगितलेलं नाय. पोर मंग हिरीवर न्हाईल.”

म्हातारीने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. काकींच्या यजमानांनी माझा चष्मा अदबीने काढून घेतला. पाटावर मला बसवलं, गालांना हळद फासली. वाजंत्रीला पुन्हा जोर आला. चार हंडे चौघींनी ओतले, पाचवा उचलताच नवरी पुढे झाली.

“ह्यो माझ्याकडं द्या,” ती म्हणाली, आणि अगदी सावकाश, तळाच्या पाल्यापाचोळ्यासकट, माझ्या टाळूवर रिकामा केला.