पाठीमागे धरलेले हात

मंडळी, मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. मला अक्षर येत नाही, पण जळायला अक्षर लागत नाही.

आज सकाळी बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तिची मुलाखत झाली, कामगारांना काम शिकवायच्या नोकरीसाठी. साहेब म्हणाले, "आम्हालाच काहीतरी शिकवून दाखव." हिने एका साहेबांना शर्टाचं बटण लावायला शिकवलं. त्यांचा दोरा तीनदा गुंतला, तरी हिने सुई हातात घेतली नाही. हात पाठीमागे धरून नुसतं सांगत राहिली. साहेब म्हणाले, "आम्हाला अशीच शिकवणारी हवी." नोकरी मिळाली.

अय्यो, ती सवय माझी. चाळीस वर्षं मी बायकांना शिवण शिकवलं, ते असेच हात मागे धरून. नाहीतर त्यांच्या हातातली कात्री ओढून घ्यावीशी वाटते. मला कुणा साहेबाने खुर्चीसुद्धा दिली नाही.

"हे कुठे शिकलीस, विचारलं असेल ना?"

"विचारलं, अज्जी. कोर्सचं नाव सांगितलं."

"आणि माझं?"

"सुम्ने गप्प बस गं. तुझं सर्टिफिकेट कुठंय?"

तुम्हाला काम कुणी शिकवलं, त्यांचं नाव खाली लिहा. ही मला एकेक नाव मोठ्याने वाचून दाखवणार आहे.