उस्तादांच्या चष्म्याची काच

भरलेला चहाचा कप घेऊन, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करून उस्ताद मिनिटभर उभे राहत. थेंब सांडला तर तो चहा दुसऱ्याला देऊन टाकत. "हात हलला म्हंजी आज चहाचा हक्क न्हाई," म्हणत. नांदेडच्या आमच्या नेमबाजी क्लबातली सकाळ अशी सुरू होई. पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले उस्ताद लोह्याहून रोज बसनं येत आणि मुलींना एअर पिस्तूल शिकवत.

"माशी साफ, गोल अंधुक," एवढंच ते शिकवतात असं आम्ही हौशी नेमबाज चेष्टेनं म्हणायचो. माशी म्हणजे पिस्तुलाच्या टोकावरची छोटी उभी पट्टी. माशी आणि समोरचा काळा गोल एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून नजर माशीवर ठेवायची. एखादी मुलगी गोलाकडे टक लावून राहिली, की मागून आवाज येई, "गोल काय पळून जाऊन राहिला का बाई?"

साठीनंतर त्यांना माशीच धुरकट दिसू लागली. त्यातच क्लबच्या समितीनं ठरवलं, की लातूरच्या स्पर्धेत ज्येष्ठ गटात ठरावीक गुण मिळवले तरच शिकवणं त्यांच्याकडे राहील. उस्ताद माझ्या चष्म्याच्या दुकानात आले. हात लांब करून अंगठा उभा धरला. "डॉक्टर, मला हितलं साफ पाह्यजे. लांबचं न्हाई दिसलं तरी चालतंय."

मी डॉक्टर नाही, पण ती हाक मला आवडायची. मी हसलो. "उस्ताद, निशाण लांब असतं की जवळ? चष्म्याचं माझ्यावर सोडा." लांबच्या नंबरची काच बसवली. तीही त्यांच्या जुन्याच फ्रेममध्ये, निघायच्या आदल्या संध्याकाळी. जुना चष्मा घालायची सोयही मी ठेवली नाही.

लातूरला मी सोबत होतो. पहिल्या काही छर्‍यांनंतर त्यांनी चष्मा काढून पुसला. घातला. पुन्हा पुसला. माझी काच चुकली हे मला कळलं, आणि मी गप्प बसलो. गुण कमी पडले. परतीच्या बसमध्ये समितीतले एक जण म्हणाले, "उस्ताद, डोळ्यांनी दगा दिला की हो." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "हाव, वय हाय." पुढच्या आठवड्यापासून ते यायचे बंद झाले.

'वय हाय' या दोन शब्दांच्या आडोशाला मी दीड वर्ष राहिलो. मी स्वतः हौसेनं पिस्तूल चालवतो. पन्नाशीत एके सकाळी माझी माशी धुरकट झाली. हाताच्या अंतरासाठी वेगळी काच करून घेतली आणि ती लख्ख दिसली. तेव्हा मात्र राहवेना. लोह्याला गेलो. उस्ताद ओसरीवर तुरी निवडत बसले होते.

"माझी काच चुकली होती, उस्ताद."

"लातूरलाच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"नवी काच आधी वापरून न बघता तसाच मैदानात गेलो, ती माझीबी चूकच की. पण डॉक्टर, मला सांगून काय फायदा? पोरींना वाटून राहिलंय, उस्तादाला माशी दिसत न्हाई. त्यांना सांगा."

त्यांच्या हातात पिस्तूल देऊन मी डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजलं आणि नवी काच केली. रविवारी क्लबात, मुलींसमोर आणि समितीसमोर, सगळं सांगितलं. एका मुलीनं सरळ विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलं, काका?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

उस्तादांनी दहा छर्रे मारले. कागद मीच काढून आणला. भोकं मधोमध, एकमेकांना चिकटलेली. समितीनं शिकवणं तिथंच पुन्हा त्यांच्याकडे दिलं. उस्ताद मुलींकडे वळले. "झालं न्हवं बघून? उचला पिस्तुलं."

पुढं तीन वर्षं त्यांनी शिकवलं. गेल्या वर्षी ते गेले. चष्म्याचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. चारचौघांत खरं बोलायला लावून त्यांनी माझ्या छातीवरचा दगड उतरवला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

काल देगलूरचे एक शिंपी दुकानात आले. नंबर तपासायच्या आधी मी त्यांच्या हातात सुई-दोरा दिला. म्हटलं, "आधी तुम्ही ओवा, मामा. मी बघतो."