आधी उजवीकडची रेघ

विमानाच्या इंजिनात गरगर फिरणाऱ्या चकत्या तपासायच्या आणि आत कुठे चीर नाही ना, ते सांगायचं, हे तिचं काम. वरून चकती आरशासारखी लख्ख. पोटात काय आहे ते देवालाच ठाऊक. म्हणून चकतीवर जेल चोपडायचं, हातातला प्रोब त्यावर टेकवायचा आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज धातूच्या आत सोडायचा. आवाज पलीकडच्या बाजूला आपटून परत आला की यंत्राच्या पडद्यावर उजवीकडे एक रेघ उठते. वाटेत चीर असली तर मध्येही एक उठते. मधली जागा सपाट असली की माल चांगला. सांगायला सोपं आहे, करायला बसलं की मान मोडते.

कारखान्यात तिला सगळे शंकाबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. ताकसुद्धा फुंकून पिणारी बाई. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी एकच धडा द्यायची. "आधी उजवीकडची रेघ बघायची, मग मधलं. उजवीकडे रेघ नाही म्हणजे आवाज आत गेलाच नाही. जेल वाळलं असेल, प्रोब उचलला गेला असेल. मग मधली जागा सपाट दिसणारच. आपण विचारलंच नाही, तर चकती सांगेल कशाला?"

नवरा गेला तो थंडीत. सकाळी कामावर निघाला होता, एका पायात बूट चढवला, दुसरा हातात घेतला आणि खुर्चीवरून कलंडला तो उठलाच नाही. लोक आले, बसले, गेले. ती रडली नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, रडू आलंच नाही. लोकांनी मात्र कौतुक करून टाकलं, बाई खंबीर आहे हो. लोकांचं काय, समोरच्याने रडून त्यांची पंचाईत केली नाही की तो खंबीर.

घरात आता ती आणि सासूबाई. संध्याकाळी ती परतायची तेव्हा सासूबाईंचे केस विंचरलेले, तोंड धुतलेलं, भाजी चिरून तयार.

"ठीक आहेस ना?"

"ठीक. तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय?"

एवढ्यावर दिवस मिटायचा. पोटचा मुलगा गेला तरी म्हातारी टिपूस गाळत नाही, दगडाची आहे, असं तिला वाटायचं. दगडाला दगडाची सोबत बरी, असंही वाटायचं. घरात तिचा जीव रमत नव्हता. कारखान्यात टेबलापाशी बसलं की निदान हात चालायचे, आणि हात चालले की दिवस सरायचा. ते टेबल आहे म्हणून आपण उभ्या आहोत, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तिने प्रोब पुसायला घेतला, तर टोकावर जेलचा कोरडा पापुद्रा धरलेला. कोपऱ्यातला पंखा सकाळपासून टेबलावर वारा घालत होता. शेवटची चकती तिने तपासली होती, स्वतःचा शिक्का मारला होता, चकती पॅकिंगला गेलीही होती. मधली जागा सपाट होती, हे तिला नीट आठवत होतं. उजवीकडची रेघ आठवेना. डोळे मिटून पाहिलं, तरी आठवेना. आठवत होता तो नुसता सपाट पडदा, आणि त्याच्याकडे बघत बसायला किती बरं वाटलं ते.

पॅकिंगचा माणूस तिच्याच वेळचा, जुना. तो पेटीचं झाकण ठोकत होता.

"ती चकती बाहेर काढा," ती म्हणाली.

"शिक्का तुमचाच आहे की."

"म्हणून तर."

ती काय म्हणतेय ते त्याला कळलं. त्याने हातोडी ठेवली आणि आवाज खाली आणला. "ताई, गुपचूप परत तपासून आणा. मी पेटी उघडी ठेवतो. साहेबांच्या कानावर गेलं तर टेबल जाईल तुमचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माणूस वाईट नव्हता, भल्यासाठीच सांगत होता.

"आणि सकाळच्या बाकीच्या?" ती म्हणाली. "कालच्या?"

त्याने झाकणाचा खिळा उपसायला घेतला. ह्या चकत्यांच्या भरवशावर माणसं आकाशात बसणार, हे तिने मुद्दाम मनात आणून पाहिलं. लहान मुलं बसणार, हेही आणून पाहिलं. आत काहीच हललं नाही. तेव्हा मात्र ती सरळ साहेबांच्या केबिनकडे निघाली.

"उजवीकडची रेघ पाहिल्याचं मला आठवत नाही," तिने सांगितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. तिने पास केलेल्या चकत्या पेट्यांतून काढून टेबलावर आणल्या. दुसऱ्या तपासनिसाने एकेक तपासली. ती त्याच्यामागे हात बांधून उभी होती. सगळ्या चांगल्या निघाल्या. पॅकिंगवाल्याने लांबूनच हुश्श केलं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

"माल चांगला निघाला," साहेब म्हणाले, "पण तुम्हाला आता टेबलावर बसवता येणार नाही. थोडे दिवस घरी राहा."

"घरी काय करू?"

साहेबांनी पेन उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. इंजिनाबद्दल विचारलं असतं तर त्यांनी तासभर सांगितलं असतं. तिने शिक्का त्यांच्यासमोर ठेवला आणि निघाली.

भर दुपारी ती कधी घरी आलेली नव्हती. जिना चढताना कोणीतरी रडत असल्याचं ऐकू आलं. शेजारचं कोणी असेल, असं वाटलं. पण आवाज तिच्याच दारामागून येत होता.

तिने किल्लीने दार उघडलं. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. केस सुटलेले, मांडीवर मुलाचा बूट, पायात न गेलेला तो दुसरा. घर दणाणून रडत होत्या. शेजारी तोंड पुसायचा टॉवेल नीट घडी घालून ठेवलेला होता.

तिला पाहताच त्यांनी बूट पाठीमागे सरकवला. "कांदा चिरत होते," त्या म्हणाल्या. खोलीत ना सुरी होती, ना कांदा.

"रोज चिरता?"

सासूबाईंनी टॉवेल उचलला. "तू गेलीस की. तुझ्यासमोर नको म्हटलं. तू एवढी सावरलीस, तुला कशाला पुन्हा रडवायचं."

ती चपला न काढताच त्यांच्यासमोर खाली बसली.

"मी सावरले नाही, आई. मला काही वाटतच नाही. हे गेले, तेसुद्धा वाटत नाही. आज कामात चुकले. माझं टेबल गेलं. तेही वाटत नाही."

ठीक आहेस ना, असं सासूबाईंनी आज विचारलं नाही. टॉवेल बाजूला टाकला, पाठीमागचा बूट ओढून दोघींच्या मध्ये ठेवला आणि तिचा हात धरला.

"नाही वाटत तर नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या वाटणीचं मी रडते. तू नुसती बस."

आणि त्या पुन्हा रडू लागल्या. शंकाबाईने हात सोडवून घेतला नाही. ती बसून राहिली.